निःशस्त्रांना मारणार नाही: १३६७च्या बहमनी–विजयनगर तहाचे प्रकरण

बहमनी आणि विजयनगर यांच्यात दीडशे वर्षांत अनेक तह झाले आणि बहुतेक मोडले. कुणी खंडणी कबूल केली, कुणी किल्ला सोडला, कुणी मुलगी दिली. १३६७च्या सुमारास सुलतान पहिला महंमदशाह आणि विजयनगरचा पहिला बुक्कराय यांच्यात झालेला तह मात्र वेगळा आहे. त्याच्या वृत्तांतात जमिनीचा मुद्दा जवळजवळ येतच नाही. त्याचे मुख्य कलम एकच: युद्ध जिंकल्यावर शरण आलेल्या आणि निःशस्त्र माणसांना मारायचे नाही, आणि हे वचन सुलतानाच्या वारसांवरही बंधनकारक राहील.

चौदाव्या शतकातल्या दख्खनमध्ये, दोन वर्षांच्या भीषण कत्तलींनंतर, दोन वैऱ्यांनी हे मान्य केले. ते कसे घडले, कोणाच्या कोणत्या शब्दाने घडले आणि पुढे किती टिकले, हे सविस्तर पाहण्यासारखे आहे.

भांडणाची जमीन

महाबळेश्वरला उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगलीवरून कृष्णा कर्नाटकात उतरते. दक्षिणेकडून तुंगभद्रा येऊन तिला मिळते. या दोन नद्यांमधला प्रदेश म्हणजे रायचूरचा दोआब. रायचूर, मुदगल हे किल्ले, काळी जमीन आणि हट्टीच्या जुन्या सोन्याच्या खाणी याच पट्ट्यात. बहमनी सत्ता १३४७ साली दौलताबादेत उभी राहिली आणि लगेच गुलबर्ग्याला गेली. विजयनगरची स्थापना परंपरेने १३३६ सालची मानतात. म्हणजे आपण पाहत आहोत त्या वेळी दोन्ही राज्ये जेमतेम एका पिढीची होती. दोघांनाही दोआब हवा होता. गुलबर्ग्याहून निघालेली फौज कृष्णा ओलांडून आणि विजयनगरची तुंगभद्रा ओलांडून याच गावांमधून जात असे. किल्ला कोणाच्याही हाती गेला तरी तुडवली जायची ती याच गावांची पिके. हे ध्यानात ठेवले तर पुढे वकिलांनी केलेला युक्तिवाद कोणाच्या जिवासाठी होता ते कळते.

नाण्यांचा झगडा

महंमदशाह १३५८ साली गादीवर आला. बहमनी राज्याची घडी खरी बसवली ती त्याने. आपले सोन्याचे नाणे चालवणे हे तेव्हा सार्वभौमत्वाचे लक्षण होते आणि त्याने ते पाडले. पण दख्खनच्या बाजारात होन आणि प्रताप ही दक्षिणेकडच्या राज्यांची नाणी रुळलेली होती. सराफ बहमनी नाणी घेत आणि वितळवून टाकत. यामागे विजयनगर आणि तेलंगण इथल्या राजांची फूस आहे, असे सुलतानाचे म्हणणे होते. १३६०च्या सुमारास त्याने आपल्या मुलखातल्या या सराफांना ठार मारवले आणि तो व्यवहार उत्तरेकडून आलेल्या खत्र्यांकडे सोपवला.

राजांनीही मागण्या केल्या: विजयनगरने कृष्णेपर्यंतचा दोआब मागितला, तेलंगणाने कौलासचा किल्ला. सुलतानाने त्यांचे वकील दीड वर्ष दरबारात झुलवत ठेवले, तयारी पूर्ण झाल्यावर उलट त्यांच्याकडेच खंडणी मागितली, आणि आधी तेलंगणावर चालून गेला. ती मोहीमही क्रूर होती. शेवटी तेलंगणाच्या राजाने गोवळकोंडा सोडला आणि एक रत्नजडित सिंहासन सुलतानाला दिले. तख्त-ए-फिरोझा या नावाने ते पुढे बहमनींचे राजसिंहासन झाले.

पूर्वेची बाजू अशी निकाली निघाल्यावर विजयनगरची पाळी येणार हे उघडच होते. ती ज्या निमित्ताने आली ते निमित्त या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

गवयांची वरात

नव्या सिंहासनाचा आनंदसोहळा चालू होता. दिल्लीहून आलेले ३०० गायक-वादक दरबारात होते. एका संध्याकाळी मद्याच्या मैफलीत त्यांनी अमीर खुस्रोच्या ओळी गायल्या. सुलतान बेहद्द खूश झाला आणि त्याने वजीर मलिक सैफुद्दीन घोरीला हुकूम दिला की या सगळ्यांचे इनाम विजयनगरच्या खजिन्यावर वरात काढून द्या. वरात म्हणजे अमुक खजिन्याने अमुक माणसाला रक्कम द्यावी असा लेखी हुकूम. आपल्या ताब्यातल्या महालावर किंवा मांडलिकावर ती काढतात. शेजारच्या स्वतंत्र राजाच्या खजिन्यावर ती काढणे म्हणजे तू माझा ताबेदार आहेस असे लिहून कळवणे.

वजिराला वाटले, हा मद्याचा अंमल आहे. त्याने सुलतानाचे मन राखायला कागद लिहिला, पण पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी सुलतानाने विचारले, वरात गेली का? नाही, असे उत्तर येताच तो भडकला. माझ्या तोंडून अर्थहीन शब्द निघेल असे वाटले काय, हुकूम नशेत दिलेला नव्हता, असे त्याने सुनावले. कागदावर शिक्का मारून तो विजयनगरला रवाना झाला.

हा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो मुल्ला दाऊद बिदरी याच्यामुळे. तो त्या वेळी १२ वर्षांचा होता, सुलतानाच्या खासगीत होता आणि शिक्का सांभाळण्याचे काम त्याच्याकडे होते. मोठेपणी त्याने बहमनींचा इतिहास लिहिला. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण पुढे विजापूरच्या दरबारात इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने त्याच्या आधारे ही हकीकत दिली आहे. मला या तपशिलाचे मोल फार वाटते. ज्या कागदावरून लाखभर माणसांच्या जिवावर बेतले, त्याच्या शिक्क्याजवळ उभा असलेला मुलगा आपला साक्षीदार आहे.

बुक्करायाने वरात आणणाऱ्या माणसाला गाढवावर बसवून शहरभर फिरवले आणि हाकलून दिले. अपमानाला भर बाजारात उत्तर मिळाले. मग बुक्कराय मोठी फौज घेऊन निघाला, तुंगभद्रा ओलांडून त्याने दोआबातला मुदगलचा किल्ला घेतला आणि आतली शिबंदी कापून काढली. फिरिश्ता सांगतो की शिबंदी ८०० जणांची होती आणि बायका-मुलांनाही सोडले नाही. एकच माणूस निसटून गुलबर्ग्याला पोचला. त्याने बातमी सांगितली तेव्हा सुलतानाने त्यालाच मारण्याचा हुकूम दिला. इतके शूर साथीदार मरताना पाहूनही जो जिवंत राहिला, त्याचे तोंड मला पाहायचे नाही, असे त्याचे म्हणणे.

आणि मग ती शपथ: या बदल्यात एक लाख माणसे मारल्याशिवाय तलवार म्यान करणार नाही.

१३६६ची मोहीम

लढाईची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती इथे महत्त्वाची नाही. १३६६च्या सुरुवातीला सुलतान निवडक स्वार घेऊन कृष्णेपार झाला. बुक्करायाच्या छावणीवर त्याने अचानक झडप घातली. राजा अदोनीकडे हटला आणि मागे राहिलेल्या छावणीत वय किंवा लिंग न पाहता कत्तल झाली. फिरिश्ता ७०,००० हा आकडा देतो. त्याच वर्षी जुलैत तुंगभद्रेपलीकडे कौतालमजवळ मोठी लढाई झाली. विजयनगरच्या सेनापतीने प्राणांतिक झुंज दिली, बहमनींचे दोन मोठे सरदार पडले, पण शेवटी सरशी सुलतानाची झाली. त्यानंतर तीन महिने तो राजाच्या पाठीवर होता. राजधानीला वेढा पडला, शहर मात्र हाती लागले नाही. तेव्हा सुलतानाने आजारी पडल्याचे सोंग करून माघार घेतली, पाठलागावर आलेल्या फौजेला मोकळ्या मैदानात गाठले आणि रात्री छापा घालून पुन्हा कापाकाप केली. नंतर राजधानीभोवतीच्या गावांवर फौजा सोडल्या.

फिरिश्ता या सगळ्या मोहिमेतल्या मृतांचा आकडा ५ लाखांवर नेतो. हा आकडा मी स्वीकारत नाही, आणि कोणी स्वीकारू नये असे मला वाटते. २४० वर्षांनी लिहिणाऱ्या दरबारी इतिहासकाराला असे आकडे शौर्याची मापे वाटत. त्याच मोहिमेत तो सुलतानाच्या तोफखान्यात रूमी (तुर्क) आणि फिरंगी (युरोपीय) होते असेही लिहितो, तेही पोर्तुगीज भारतात येण्याच्या १३० वर्षे आधी. इतकेच नव्हे, बुक्करायाचे नावही तो किशनराय असे देतो. पण आकडा फुगवलेला आहे म्हणून कत्तल झालीच नाही असा निष्कर्ष काढणे त्याहून मोठी चूक ठरेल. कारण पुढचा सगळा वाटाघाटीचा प्रसंग गावे ओस पडली होती या एकाच वस्तुस्थितीवर उभा आहे.

बोलणी: तीन गाठी

विजयनगरात काय चालले होते याची थोडी कल्पना फिरिश्ता देतो. राजाचे अधिकारी आणि ब्राह्मण त्याच्याकडे गेले आणि तुझी कारकीर्द अपशकुनी ठरली, रयत शिल्लक राहिली नाही, असे तोंडावर म्हणाले. मी तुमच्या सल्ल्याशिवाय काही केले नव्हते, पण नशिबावर माझा ताबा नाही, हे राजाचे उत्तर. तह करा, असा आग्रह त्यांनी धरला. म्हणजे तहाचा दबाव विजयनगरच्या आतून आला होता, ज्यांची माणसे मरत होती त्यांच्याकडून.

बुक्करायाचे वकील सुलतानाच्या छावणीत आले. पहिल्यांदा त्यांना साफ नकार मिळाला. इथून पुढे जे घडले त्यात मला तीन गाठी दिसतात, आणि त्या ज्या क्रमाने सुटल्या तो क्रमच या प्रकरणात शिकण्यासारखा आहे.

पहिली गाठ शपथेची. ती सोडवली सुलतानाच्याच मर्जीतल्या एका दरबाऱ्याने. तो म्हणाला की हुजुरांनी शपथ घेतली ती एक लाखाची, सगळी रयत नाहीशी करण्याची नव्हे. शपथ मोडा असे त्याने म्हटले नाही. शपथ पुरी झाली आहे, एवढेच त्याने दाखवून दिले. भर दरबारात वाहिलेल्या शपथेतून राजाला मान खाली न घालता बाहेर पडायला वाट हवी होती. ती शत्रूने दाखवली असती तर त्याने धुडकावली असती. आपल्या माणसाने दाखवली म्हणून ती कामाला आली.

दुसरी गाठ वरातीची. सुलतान म्हणाला, शपथेच्या दुप्पट माणसे मेली असली तरी माझ्या गवयांचे पैसे चुकते होईपर्यंत तह नाही आणि कोणाला जीवदानही नाही. वकिलांना बोलणी करण्याचे पूर्ण अधिकार होते. त्यांनी हुज्जत घातली नाही, राजधानीकडून परवानगी मागवली नाही. तिथल्या तिथे रक्कम मोजून दिली. तेव्हा सुलतानाने देवाचे आभार मानले की आपण दिलेला हुकूम अमलात आला, काळाच्या पानांवर आपल्या नावे एक फुकट शब्द नोंदला जाणार नाही.

या वाक्यात सुलतानाचे सगळे मन उघडे आहे. दोन वर्षे तो मुलखासाठी लढत होता असे त्याच्या बोलण्यात कुठेच नाही. वजिराने ती संध्याकाळ नशा मानली हा सल त्याच्या मनात होता, आणि आपल्या तोंडचा शब्द पोकळ ठरला नाही हे त्याला सिद्ध करायचे होते. विजयनगरच्या दृष्टीने ३०० गवयांचे इनाम ही किरकोळ रक्कम. दोन वर्षांपूर्वी ती द्यायची नव्हती यामागचे कारण पैसा नव्हताच. पण आता वकिलांना कळले होते की समोरच्या माणसाच्या मनात अडकलेली गोष्ट ही आहे, आणि ती दिल्याने आपले राज्य मांडलिक होत नाही. हे ओळखणारे वकील कोण होते, त्यांची नावे वृत्तांतात नाहीत. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शहाणी माणसे तीच.

कारण तिसरी गाठ त्यांनी स्वतःहून पुढे केली. मान राखला गेला आणि सुलतानाचा चेहरा निवळला, हे पाहून त्यांनी बोलायची परवानगी मागितली. त्यांचा पहिला युक्तिवाद धर्माचा आणि न्यायाचा होता. अपराध्याच्या चुकीसाठी निरपराधांना शिक्षा द्यावी असे कोणताच धर्म सांगत नाही, विशेषतः असहाय बायका-मुलांना. चूक राजाची होती, गरीब रयतेचा त्यात काय हात?

सुलतानाने हे उडवून लावले. जे झाले ती ईश्वराची इच्छा, माझ्या हाती काही नव्हते, असे तो म्हणाला.

तेव्हा वकिलांनी दुसऱ्या बाजूने शब्द टाकला. ईश्वराने आपल्याला दख्खनचे राज्य दिले आहे. आपले वारस आणि कर्नाटकचे राजे दीर्घकाळ एकमेकांचे शेजारी राहणार. मग दोघांमधल्या लढाया क्रूरतेने होऊ नयेत यातच दोघांचे हित आहे. म्हणून असा करार व्हावा की इथून पुढे असहाय आणि निःशस्त्र रयतेची कत्तल कोणी करणार नाही.

या वेळी सुलतान विरघळला. आपण यापुढे विजयानंतर एकाही शत्रूला मारणार नाही आणि आपल्या वारसांनाही हे बंधन राहील, अशी शपथ त्याने घेतली.

दोन्ही युक्तिवाद शेजारी ठेवून पाहावेत. पहिला मागे झालेल्या गोष्टीचा जाब विचारणारा होता. त्याला हो म्हणणे म्हणजे आपण पाप केले हे शत्रूच्या वकिलासमोर कबूल करणे. विजयी राजा ते करणार नव्हता. दुसरा युक्तिवाद मागच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तो उद्याबद्दल बोलतो, आणि त्यात एक गोष्ट गृहीत धरतो: विजयनगर उद्याही असेल. राजधानी वेढा सोसून उभी होती, म्हणून वकील हे ठामपणे म्हणू शकले. कर्नाटकचे राजे कायमचे शेजारी आहेत हे एकदा सुलतानाने ऐकून घेतले की पुढच्या पिढीत मुदगलसारखी कत्तल आपल्याही शिबंदीची होऊ शकते, हा हिशेब त्याला करावाच लागणार होता.

दोघांचीही घाई

तहाला निव्वळ वक्तृत्व कारण झाले असे मी म्हणणार नाही. दोन्ही राजांना दुसरीकडे जायचे होते.

सुलतानाने आजारपणाचे सोंग केले होते, त्याची अफवा उत्तरेत पोचेपर्यंत तो मेलाच अशी झाली. दौलताबादचा सुभेदार बहरामखान माझंदरानी याने एका मराठा सरदाराच्या साथीने बंड केले. बागलाणच्या राजाचीही त्याला फूस होती. बंडखोर पैठणपर्यंत येऊन ठाकले. विजयनगरची आघाडी मिटवल्याशिवाय महंमदशाहाला महाराष्ट्रातला हा वणवा विझवता येत नव्हता. पुढे बंड मोडल्यावर बहराम दौलताबादला शेख झैनुद्दीन यांच्या आश्रयाला गेला आणि त्यांच्या सल्ल्याने गुजरातेत पळाला. हे तेच सूफी संत, ज्यांची कबर खुलताबादला आहे आणि ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात साडेतीनशे वर्षांनी औरंगजेबाला दफन केले. महंमदशाहाची त्यांच्याशी आधी खडाखडी झाली आणि मग समेट. त्यांच्या सांगण्यावरून त्याने राज्यातले मद्याचे गुत्ते बंद करवले.

बुक्करायाचे लक्ष दक्षिणेत होते. त्याचा मुलगा कुमार कंपण तमिळ देशात मोहिमेवर होता आणि १३७१च्या सुमारास त्याने मदुरेची सुलतानशाही जिंकली. विजयनगर हे दक्षिणेचे साम्राज्य झाले ते या विजयाने. तुंगभद्रेवर आग पेटलेली असती तर ते जमले नसते.

बुक्करायाविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १३६८ साली, म्हणजे या तहानंतर लगेच, त्याच्यापुढे जैन आणि श्रीवैष्णव यांचे भांडण आले. जैनांच्या हक्कांवर अतिक्रमण होत होते. बुक्करायाने दोन्ही पक्षांच्या प्रमुखांना एकत्र आणले, जैनांचा हात वैष्णवांच्या हाती दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही, जैनांचे रक्षण वैष्णवांनी आपले मानून करावे, असा निवाडा दिला. तो श्रवणबेळगोळच्या शिलेवर कोरलेला आजही वाचता येतो. बहमनींशी झालेल्या कराराचा असा शिलालेख नाही. तो आपल्याला फक्त एका बाजूच्या इतिहासकाराकडून माहीत आहे. पण दुर्बळाच्या रक्षणाची जबाबदारी बलवानावर टाकणारा करार हा त्या राजाच्या विचारात अचानक आलेला नव्हता, एवढे या शिलेवरून म्हणता येते. मुदगलची शिबंदी कापणाराही तोच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या धरूनच त्याला समजून घ्यावे लागते.

करार पाळला गेला का?

फिरिश्ता ठामपणे लिहितो की त्या वेळेपासून दख्खनमध्ये युद्धकैद्यांना जीवदान देण्याची आणि निःशस्त्र रहिवाशांचे रक्त न सांडण्याची रीत पडली. हे वाक्य त्याच्याच पुढच्या पानांवर तपासून पाहता येते.

महंमदशाहाचा मुलगा मुजाहिदशाह (१३७५–७८) विजयनगरवर चालून गेला. परतताना त्याने हजारो माणसे, त्यांत बहुतांश बायका, कैद करून नेली. जीव वाचला, पण स्वातंत्र्य गेले. कराराने कत्तलीला बंदी केली होती, गुलामगिरीला नाही, ही त्याची मोठी उणीव. तहाची स्तुती करताना ती विसरली जाते. त्या बायकांच्या बाजूने पाहिले तर हा करार अर्धाच होता.

त्यानंतर आलेल्या दुसऱ्या महंमदशाहाच्या (१३७८–९७) कारकिर्दीत विजयनगरशी मोठे युद्ध झाले नाही. १३९८–९९ला फिरोझशाह बहमनीने विजयनगरच्या दुसऱ्या हरिहराच्या फौजेचा पराभव केला तेव्हा पकडलेल्या लोकांत बरेच ब्राह्मण होते. त्यांची कत्तल झाली नाही. बहमनींच्या बाजूने मीर फजलुल्ला इंजू याने बोलणी केली, विजयनगरने लाखो होनांची खंडणी मोजून कैदी सोडवले, सीमा पूर्वीप्रमाणे ठरल्या आणि एकमेकांच्या रयतेला त्रास द्यायचा नाही असे पुन्हा लिहून झाले. तीस वर्षांनी तेच कलम दुसऱ्या राजांच्या तहात आलेले दिसते. रीत पडली या म्हणण्याला हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

करार मोडला तो आधी विजयनगरकडून. १४१७ ते १४२०च्या दरम्यान पानगलच्या किल्ल्याच्या वेढ्यात फिरोझशाहाची फौज साथीने खिळखिळी झाली आणि लढाईत पुरती हरली. मीर फजलुल्ला मारला गेला. विजयी फौजेने पराभूतांची सरसकट कत्तल केली आणि मुंडक्यांचा चौथरा रचला, असे फिरिश्ता सांगतो. तो बहमनींच्या बाजूचा असल्याने इथेही आकड्यांबाबत सावध राहावे, पण पराभव आणि त्यानंतरची नासधूस यांत शंका नाही.

१४२३ला त्याचा सूड आला. फिरोझचा भाऊ अहमदशाह तुंगभद्रेवर ४० दिवस तळ देऊन होता. मग त्याने पहाटे नदी पार केली. विजयनगरचा राजा त्या वेळी नदीकाठच्या उसाच्या मळ्यात मुक्कामी होता. बहमनी स्वारांनी त्याला साधा गावकरी समजून पकडले आणि त्याच्या डोक्यावर उसाची मोळी देऊन पुढे चालवले. पुढे लुटीच्या गडबडीत तो निसटला. राजा हाती लागला नाही, गावे लागली. अहमदशाहाने बायका-मुलांसकट माणसे मारली. मृतांची संख्या २०,०००वर गेली की तो तीन दिवस थांबून उत्सव करी.

इथे फिरिश्त्याने जे लिहिले त्यासाठीच मी हे सगळे प्रकरण मांडले. तो म्हणतो की अहमदशाहाने माणुसकी आणि महंमदशाह व विजयनगरचे राजे यांच्यात झालेला करार, दोन्ही बाजूला सारले. फिरिश्ता विजापूरच्या दरबारात होता. त्याआधी तो अहमदनगरला निजामशाहीत वाढला. बहमनींच्या वारसांच्या चाकरीत राहून तो बहमनी सुलतानाच्या विजयाची हकीकत लिहीत होता. तिथे ना कोणी विजयनगरचा वकील होता, ना विजयनगर उरले होते. ते १५६५ला तालिकोटच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झाले होते. तरीही अहमदशाहाच्या कृत्याला मोजायला त्याच्याजवळ एक माप होते आणि ते १३६७च्या करारातून आले होते. करार अमलात आणणारी कोणतीही सत्ता नव्हती. शपथेपलीकडे हमी नव्हती. पण करार झालाच नसता तर १४२३ची कत्तल त्या पानांवर फक्त पराक्रम म्हणून आली असती. ती वचनभंग म्हणून आली.

दुसरा वारसा

महंमदशाहाने वारसांना करार दिला आणि लाखाची शपथही दिली. दोन्ही जिवंत राहिल्या. १४४३ला विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने दोआबात मुसंडी मारली. लढाईत बहमनींचे दोन नामांकित सरदार त्याच्या हाती पडले. त्यांना मारले जाईल अशी भीती उभी राहिली. सुलतान दुसऱ्या अलाउद्दीनाने देवरायाला निरोप पाठवला की या दोघांच्या जिवाला मी दोन लाखांच्या बरोबरीचे मानतो, कारण एकेका मुसलमानामागे एक लाख हिंदू मारायचे हा आमच्या घराण्याचा नियम आहे.

७७ वर्षांपूर्वी मुदगलच्या बातमीवर रागाच्या भरात उच्चारलेली संख्या आता घराण्याचा नियम म्हणून सांगितली जात होती, आणि घराण्याने खरोखर शपथेवर मान्य केलेल्या कलमाचा निरोपात उल्लेखही नव्हता. देवरायाला बहमनींचा अनुभव होता. त्याने धमकी खरी मानली. दोन्ही सरदारांना सन्मानाने परत पाठवले, खंडणीची बाकी आणि हत्ती दिले. अलाउद्दीनानेही उलट भेटी पाठवल्या, दोघांनी एकमेकांच्या मुलखात न शिरण्याचे ठरवले, आणि फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा तह त्या दोघांच्या हयातीत मोडला नाही.